आल्टेनारची मोजपट्टी : रात्री ८.४५ पर्यंत आणि त्यानंतर

जर्मनीच्या पश्चिमेला आयफेलच्या डोंगराळ भागात ब्लांकेनहाइम हे गाव आहे. तिथल्या एका जुन्या घराच्या तळघरात आर नदीचा उगम आहे. जेमतेम ८५ किलोमीटर वाहून ती ऱ्हाईनला मिळते. खोरं लहान, सुमारे ९०० चौरस किलोमीटरचं. दरी अरुंद, दोन्ही अंगांना खडकाळ उभे उतार, त्यांवर द्राक्षांचे मळे आणि खाली नदीला चिकटून वसलेली गावं. चिपळूण-महाडच्या माणसाला ही नदी वेगळी समजावून सांगायला नको. वर डोंगरात पाऊस कोसळला की काही तासांत पाणी बाजारपेठेत येतं, त्याच जातीची ही नदी.

आल्टेनार गावात या नदीवर सरितामापन केंद्र होतं. एरवी तिथं पाण्याची पातळी मीटरभरही नसायची. सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ७ घनमीटर, आपल्या हिशेबात २५० क्युसेकच्या आसपास. १४ जुलै २०२१ च्या संध्याकाळी हे केंद्र बंद पडलं आणि पहाटेपर्यंत आरच्या खोऱ्यात किमान १३४ माणसं मरण पावली. हवामान खातं जागं होतं, मोजमाप चालू होतं, आकडे येत होते. तरीही माणसं गेली. म्हणूनच तो दिवस तासातासानं उलगडून पाहायला हवा.

शनिवार, १० जुलै

युरोपीय पूर-पूर्वसूचना यंत्रणेनं ऱ्हाईन खोऱ्यासाठी पहिल्या सूचना धाडल्या. 'बेर्न्ड' नाव दिलेलं कमी दाबाचं क्षेत्र मध्य युरोपावर येऊन ठाण मांडणार, असं दिसत होतं. आधीच्या पावसानं जमीन ओली होती. नवं पाणी मुरायला जागा नव्हती. हातात चार दिवस होते.

मंगळवार, १३ जुलै

जर्मन हवामान खात्यानं या भागासाठी अतिवृष्टीचा इशारा दिला. पावसाचा इशारा मिलिमीटरमध्ये येतो. शंभर मिलिमीटर पाऊस सपाट शेतावर पडला तर गुडघाभर चिखल होतो. तोच पाऊस उभ्या उताराच्या दरीत पडला तर गाव वाहून जातं. मिलिमीटरवरून नदीची पातळी काढणं हे जलवैज्ञानिकांचं काम, आणि ते काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं.

बुधवार, १४ जुलै. सकाळी ११.१७

आरचं खोरं बहुतांशी ऱ्हाईनलँड-पॅलॅटिनेट राज्यात येतं. राज्याच्या पर्यावरण कार्यालयाचं पूर-केंद्र माइन्ट्स शहरात आहे. त्या केंद्रानं नकाशावर आरचं खोरं लाल केलं. लाल ही दुसऱ्या क्रमांकाची गंभीर पायरी. पाऊस सुरूच होता. आल्टेनारचं केंद्र बंद पडायला अजून साडेनऊ तास होते.

दुपारी ३.२६

या वेळेपाशी थांबायला हवं. पूर-केंद्राचा नवा अंदाज आला : आल्टेनारला पातळी ५.१९ मीटरपर्यंत जाईल. म्हणजे सतरा फूट.

हा आकडा किती मोठा, हे कळायला मागचा विक्रम ठाऊक हवा. २ जून २०१६ रोजी आल्टेनारला ३.७१ मीटर पाणी चढलं होतं. मापन सुरू झाल्यापासूनचा तो उच्चांक. त्या पुरात विसर्ग सेकंदाला २३६ घनमीटर होता आणि अधिकृत धोक्याचे नकाशे ज्यावर बेतले होते तो 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' २४१ घनमीटरचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे. म्हणजे ५.१९ मीटरचा अंदाज येताक्षणी कपाटातले सगळे पूर-नकाशे निरुपयोगी झाले होते. आता येणारं पाणी नकाशावरच्या निळ्या पट्ट्याबाहेर जाणार, हे अंकगणितानं सिद्ध होतं. कुणीतरी दोन आकडे शेजारी शेजारी मांडायला हवे होते.

आणि २४१ हा आकडा तरी आला कुठून? आल्टेनारच्या नोंदी १९४७ पासूनच्या. पाऊण शतकाच्या नोंदींवरून शतकाचा पूर काढला. पण नदी १९४७ साली जन्माला आली नव्हती. २१ जुलै १८०४ रोजी याच दरीत महापूर आला, ६३ माणसं दगावली, शंभराहून अधिक घरं आणि जवळजवळ सगळे पूल गेले. १३ जून १९१० रोजी पुन्हा आला आणि त्यात रेल्वेच्या कामावरचे मजूर त्यांच्या वसाहतीसकट वाहून गेले. बॉन विद्यापीठातले थॉमस रोगेनकाम्प आणि युर्गेन हेर्गेट यांनी जुन्या नोंदी आणि भिंतींवरच्या पूररेषा शोधून या पुरांचे विसर्ग काढले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. १८०४ चा पूर त्यांच्या हिशेबानं सेकंदाला हजार घनमीटरच्या वर होता, म्हणजे नकाशातल्या शंभर वर्षांच्या पुराच्या चौपटीहून जास्त. हे संशोधन छापलेलं होतं, उपलब्ध होतं. नकाशात मात्र ते आलं नाही. यंत्रानं मोजलेलं तेवढंच खरं, आणि आजोबांनी भिंतीवर कोरलेली रेघ म्हणजे दंतकथा, ही समजूत फार घातक आहे. १९१० नंतर वरच्या खोऱ्यात पाणी अडवून धरणारे बंधारे बांधायचे आराखडेही झाले होते. ते बांधले गेले नाहीत. १९२० च्या दशकात त्याच जिल्ह्यात न्यूर्बुर्गरिंगचा मोटारशर्यतीचा मार्ग मात्र उभा राहिला.

३.२६ चा आकडा जिल्हा प्रशासनाला उपलब्ध होता. पूर-केंद्राकडून आपोआप निघणारे ई-मेल जिल्ह्याकडे जात होते. कायद्यानं गावं रिकामी करायचा अधिकार जिल्ह्याचा. पण '५.१९' म्हणजे कुठली गल्ली, कुठलं घर, कितवा मजला, हे सांगणारा तक्ता कुणाकडे नव्हता.

आपल्याकडे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५ फूट. कोल्हापूर-सांगलीची शाळकरी मुलंही हे आकडे सांगतात. इतके फूट झाले की अमुक वस्तीत पाणी शिरतं, तितके झाले की तमुक रस्ता बंद, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. फूट आणि गल्ली यांची ही सांगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरांनी घालून दिली आहे. पुराचा आकडा कामाचा ठरतो तो या सांगडीमुळे. आरच्या खोऱ्यात ती सांगड १९१० नंतर हळूहळू सुटली होती.

दुपारी ४.२०

एका व्यक्तीनं आकड्याचा अर्थ लावला. आल्टेनार गटाच्या महापौर कॉर्नेलिया वाइगांड यांनी जिल्ह्याला आपत्ती जाहीर करण्याची विनंती केली. आपत्ती जाहीर झाली नाही.

याच सुमारास वरच्या अंगाला डॉर्झेलजवळच्या तंबू-मैदानावर पाणी चढत होतं. लोक आपल्या फिरत्या घरांच्या टपांवर चढले होते. त्यांना सोडवायला गेलेली अग्निशमन दलातली एक तरुण स्वयंसेविका वाहून गेली. तंबू-मैदानावरच्या त्या गाड्या पुढे खालच्या पुलांच्या कमानींत जाऊन अडकल्या. झाडं, गाड्या, तेलाच्या टाक्या अडकत गेल्या, पुलांची धरणं झाली, आणि मग ती धरणं फुटत गेली. पातळीच्या कुठल्याच गणितात हा कचरा धरलेला नव्हता.

दुपारी ४.४३

राज्याच्या पर्यावरण मंत्रालयानं प्रसिद्धीपत्रक काढलं. परिस्थिती गांभीर्यानं घेत आहोत, मात्र टोकाच्या महापुराचा धोका नाही, असा त्याचा आशय. त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या पूर-केंद्राचा ५.१९ चा अंदाज येऊन सव्वा तास झाला होता. ज्या खात्यात मोजणारे आणि बोलणारे एकमेकांना विचारत नाहीत, तिथं हे असंच होणार.

संध्याकाळी ५.१७

पूर-केंद्रानं आरचं खोरं जांभळं केलं. याच्या वर पायरी नाही. संकेतस्थळावर रंग बदलला. दरीत मात्र लोक तळघरातलं सामान वर आणत होते आणि गाड्या उंचावर लावत होते. २०१६ साली जेवढं पाणी आलं तेवढंच पुन्हा येईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

संध्याकाळी ६.२५

अंदाज खाली आला. पावसाच्या नव्या गणितानुसार आल्टेनारला सुमारे ४ मीटर पाणी येईल, असं आता दिसत होतं.

पूर-अंदाजाचं काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. हवामानाचं प्रतिमान काही तासांनी पुन्हा चालतं, पावसाचा पट्टा दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे सरकतो आणि एवढ्या लहान खोऱ्यात तेवढ्यानं सगळं उत्तर बदलतं. ऱ्हाईनसारख्या मोठ्या नदीत वरच्या केंद्रावर मोजलेलं पाणी खाली पोचायला दिवस लागतात, त्यामुळे मोजमाप हाच अंदाज असतो. आरसारख्या नदीत पाऊस पडायच्या आत अंदाज करावा लागतो, म्हणून तो हेलकावे खातो. अशा वेळी भरवसा ठेवायचा तो मोजपट्टीवर. अंदाज खाली आला तरी मोजलेली पातळी चढतच होती. शिवाय चार मीटर हादेखील विक्रमच होता. पण खाली आलेल्या आकड्यानं कामाचा वेग मंदावतो. दोन तासांत अंदाज पुन्हा वर गेला, आणि ते दोन तास कधीच परत मिळणार नव्हते.

संध्याकाळी ७.२०

राज्याचे गृहमंत्री रोगर लेवेन्ट्स आरवायलरच्या जिल्हा कचेरीतल्या आपत्ती कक्षाला भेट देऊन गेले. कक्ष तळघरात होता. काम शांतपणे चालू आहे, अशी त्यांची समजूत झाली. वरच्या गावांत पाणी घरांत शिरलेलं होतं.

रात्री ८.३६

नवा अंदाज आला : जवळपास ७ मीटर.

रात्री ८.४५

आल्टेनारची नोंद : ५.७५ मीटर. ही शेवटची. त्यानंतर नदीनं केंद्रच नेलं.

पाण्याची पातळी मोजणं सोपं. नदीकाठी उभी मोजपट्टी असते, जोडीला पाण्याचा दाब मोजणारं किंवा वरून रडारनं पृष्ठभाग टिपणारं यंत्र असतं. खरं अवघड काम विसर्ग मोजण्याचं. त्यासाठी नदीचा आडवा छेद आणि पाण्याचा वेग दोन्ही लागतात. कर्मचारी पुलावरून किंवा नावेतून वेगमापक पाण्यात सोडतात, वेगवेगळ्या खोलीला वेग घेतात, क्षेत्रफळाशी गुणाकार करतात. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मोजमापं घेऊन पातळी आणि विसर्ग यांची एक वक्ररेषा तयार होते. मग पुढं पातळी वाचली की विसर्ग आपोआप कळतो. मात्र मोठ्या पुरात पाण्यात उतरून कुणी मोजत नाही, मोजता येत नाही. त्यामुळे वक्ररेषेचा वरचा भाग हा केवळ पुढं ओढलेला असतो. जिथं माहितीची सर्वाधिक गरज, नेमकं तिथंच मोजमाप सर्वांत विरळ. महाराष्ट्रातल्या केंद्रांचीही तीच अडचण आहे. ज्या दिवशी नदी फुगते त्या दिवशी जीव मुठीत धरून वेग घेणारी माणसं या राज्यात आहेत, आणि त्यांचं नाव कधी बातमीत येत नाही.

तर ८.४५ ला आकडा थांबला. केंद्र बंद पडण्याचे दोन अर्थ होऊ शकतात : यंत्रात बिघाड, किंवा यंत्र पाण्याखाली. पाणी विक्रमाच्या दोन मीटर वर असताना आणि चढत असताना दुसऱ्याच अर्थाची शक्यता मोठी. आकडा येणं बंद होणं हाच त्या दिवसाचा सर्वांत गंभीर आकडा होता. माझं मत स्पष्ट आहे : पूर-यंत्रणेत असा नियमच हवा की चढत्या पाण्यात केंद्र मुकं झालं, तर तो सर्वोच्च इशारा समजून खालची गावं हलवायला घ्यायची. विचारणा नंतर. जुलैत तिथं साडेनऊपर्यंत उजेड असतो. पाऊण तास उजेडाचा शिल्लक होता. आल्टेनारपासून झिन्त्सिखपर्यंत तीसेक किलोमीटरची दरी होती आणि तिथं हजारो माणसं घरात होती.

रात्री १०.१५ ते १०.४५

पोलिसांच्या एका हेलिकॉप्टरनं दरीवरून उडत चित्रण केलं. बुडालेली घरं, छपरांवरची माणसं, अंधारात हलणारे विजेरीचे झोत. संपूर्ण दरी पाण्याखाली आहे हे त्या चित्रणात उघड दिसतं. विधिमंडळाच्या चौकशी समितीपुढे ती दृश्यं यायला वर्षाहून अधिक काळ लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला.

रात्री ११.०९

जिल्ह्यानं आपत्ती जाहीर केली. बाड नॉयेनार-आरवायलर, बाड बोडेनडोर्फ आणि झिन्त्सिख इथं नदीच्या दोन्ही काठांवर ५० मीटरपर्यंतच्या लोकांनी घरं सोडावीत, असा आदेश निघाला.

५० मीटर! पाणी दरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरत होतं. ६० मीटरवर राहणारा माणूस हा आदेश वाचून निर्धास्त झोपला असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय आदेश मोबाईलच्या ॲपवर आला. ज्यांच्याकडे ते ॲप नव्हतं त्यांना तो पोचला नाही, आणि वीज व मोबाईलचे मनोरे एकेक करून बंद पडत होते. शीतयुद्ध संपल्यावर जर्मनीत अनेक गावांतले भोंगे काढून टाकले होते. सप्टेंबर २०२० मध्ये देशभर घेतलेली इशाऱ्याची तालीम फसली होती. पुढच्या दहा महिन्यांत फारसं काही सुधारलं नव्हतं.

मध्यरात्र

आल्टेनारला पाणी चढून सुमारे १० मीटरवर गेलं. हा आकडा कुठल्या यंत्रानं टिपला नाही. भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा, नदीचा छेद आणि उतार यांवरून तो नंतर काढला. विसर्ग सेकंदाला हजार घनमीटरच्या आसपास गेला असावा, म्हणजे सुमारे ३५ हजार क्युसेक. १८०४ च्या पुराच्या पंगतीत बसणारा.

गुरुवार, १५ जुलै. पहाटे २.३० च्या सुमारास

झिन्त्सिखमध्ये अपंगांसाठी चालवलेल्या एका निवासगृहात तळमजल्यावर झोपलेले १२ जण बुडून मेले. रात्रपाळीला एकच कर्मचारी होता. शेवटची नोंद ८.४५ ची. पाणी या घरात शिरलं पहाटे. मधले तास पावणेसहा. बारा माणसांना एक मजला वर न्यायला किती वेळ लागतो, याचा हिशेब वाचकानंच करावा.

दरीत मेलेल्यांपैकी बहुसंख्य साठीच्या पुढचे होते. अनेक जण तळघरांत आणि तळमजल्यांवर सापडले. याउलट ज्या शुल्ड गावातली घरं वाहून जातानाची चित्रं जगभर गेली, तिथं मृत्यू झाला नाही. वरच्या अंगाच्या त्या गावात पाणी लोकांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि माणसं वर सरकली. सर्वाधिक माणसं गेली ती खालच्या अंगाला बाड नॉयेनार-आरवायलरमध्ये, जिथं पाणी रात्री पोचलं, जिथं इशारा द्यायला सर्वांत जास्त वेळ होता. माझ्या दृष्टीनं अख्ख्या घटनाक्रमातली सर्वांत जळजळीत गोष्ट हीच.

त्यानंतर

साठाहून अधिक पूल मोडले किंवा निकामी झाले. सुमारे ४२ हजार लोकांना फटका बसला. वाइगांड पुढं जानेवारी २०२२ मध्ये त्याच जिल्ह्याच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. आधीच्या जिल्हाप्रमुखांवरची फौजदारी चौकशी एप्रिल २०२४ मध्ये सरकारी वकिलांनी खटला न भरता बंद केली. फेब्रुवारी २०२३ पासून जर्मनीत मनोऱ्याच्या टापूतल्या प्रत्येक मोबाईलवर थेट इशारा धाडण्याची सोय सुरू झाली. तिला ॲप लागत नाही. १८०४ आणि १९१० चे पूर हिशेबात धरून धोक्याचे नकाशे नव्यानं काढले आणि शंभर वर्षांच्या पुराचा आकडा बराच वर नेला.

आरच्या पुरानंतर आठ दिवसांनी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीनं चिपळूण आणि सावित्रीनं महाड बुडवलं. त्या नद्याही लहान, उताराच्या, काही तासांत फुगणाऱ्या. कोयना-कृष्णेसारखा दोन दिवसांचा अवधी त्या देत नाहीत. तेव्हा कोकणातल्या आणि घाटाखालच्या वाचकांना एक विनंती. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत एवढे प्रश्न विचारा : आपल्या वरच्या अंगाला नदी कुठं मोजली जाते? तिथली कितीची पातळी झाली की आपल्या कुठल्या गल्लीत पाणी येतं? रात्री दोन वाजता तो आकडा कोण वाचतो आणि कुणाला उठवतो? केंद्र बंद पडलं तर काय करायचं ठरलं आहे? जुन्या पुराची रेघ गावातल्या ज्या भिंतीवर असेल ती रंगाखाली जाऊ देऊ नका, तिची उंची मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवा. आणि गावात अंथरुणाला खिळलेली, एकटी राहणारी, चालू न शकणारी माणसं कोण, त्यांना वर कोण नेणार, ही यादी नावानिशी मे महिन्यातच तयार ठेवा.